इथेनॉलचा जमाखर्च

पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे इथेनॉल म्हणजे साखर किंवा स्टार्च आंबवून तयार केलेले अल्कोहोल. ऊस, मका वाढताना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात आणि इथेनॉल जळताना तोच पुन्हा हवेत जातो. म्हणून ते नवीकरणीय इंधन मानले जाते. ते कितपत स्वच्छ आहे, हे मात्र पीक कोणते आणि ते पिकवायला पाणी, खत व ऊर्जा किती लागली, यावर ठरते.

उसाच्या रसातून साखर काढल्यावर मळी उरते. शेवटच्या टप्प्यातल्या मळीला सी-हेवी, तर आधीच्या टप्प्यातल्या, जास्त साखर शिल्लक असलेल्या मळीला बी-हेवी म्हणतात. एक टन सी-हेवी मळीपासून सुमारे २२५ लिटर आणि बी-हेवीपासून सुमारे ३०० लिटर इथेनॉल मिळते. साखर न काढता थेट रस वापरला, तर टनभर उसामागे सुमारे ७० लिटर मिळते. आसवनी प्रकल्पात मळी पातळ करून यीस्टने आंबवतात. ऊर्ध्वपातनाने साधारण ९५ टक्के शुद्धता येते. उरलेले पाणी वेगळ्या प्रक्रियेने काढावे लागते. ते राहिले, तर टाकीत पेट्रोल आणि इथेनॉलचे थर वेगळे होऊ शकतात.

भारतात या मिश्रणाचे पथदर्शी प्रयोग २००१ मध्ये झाले. त्यांतली दोन ठिकाणे महाराष्ट्रातली होती : मिरज आणि मनमाड. २०१४ पर्यंत मिश्रण जेमतेम दीड टक्क्याच्या आसपास होते. पुढे सरकारने खरेदीदर ठरवून दिले आणि बी-हेवी मळी व रसालाही परवानगी दिली. साखर गोदामात पडून राहण्यापेक्षा तेल कंपन्यांकडून लवकर मिळणारा पैसा कारखान्यांना सोयीचा होता; शेतकऱ्यांची एफआरपी, म्हणजे उसाचा कायद्याने ठरलेला किमान दर, चुकती करायला तो उपयोगी पडला. २०२२ मध्ये १० टक्के, तर २०२५ मध्ये २० टक्के मिश्रण गाठले गेले.

या वाटेवर ब्राझील फार आधी निघाला. १९७३ च्या तेलसंकटानंतर, १९७५ मध्ये तिथे ‘प्रोआल्कोल’ कार्यक्रम सुरू झाला आणि १९७९ मध्ये केवळ इथेनॉलवर चालणारी फियाट बाजारात आली. पण १९८० च्या दशकाअखेर तेल स्वस्त झाले, ऊस साखरेकडे वळला आणि पंपांवर इथेनॉल मिळेनासे झाले. २००३ मध्ये आलेल्या फ्लेक्स-फ्युएल गाड्यांनी ही अडचण सोडवली, कारण त्या कोणत्याही प्रमाणातल्या मिश्रणावर चालतात. ब्राझीलचा बराचसा ऊस पावसावर वाढतो, ही त्या देशाची मोठी जमेची बाजू.

महाराष्ट्रात ऊस सिंचनावर उभा आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. पाऊस कमी झाला की ही साखळी तुटते : २०२३ च्या डिसेंबरमध्ये साखरेचा तुटवडा टाळण्यासाठी केंद्राला रसापासूनच्या इथेनॉलवर निर्बंध आणावे लागले. त्यानंतर मक्याचा वाटा झपाट्याने वाढला. मका हे कोंबड्यांचेही खाद्य असल्याने त्याची झळ कुक्कुटपालनाला बसली.

इथेनॉलची ऑक्टेन संख्या पेट्रोलपेक्षा जास्त असली, तरी लिटरमागे ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी असते. त्यामुळे ई-२० च्या, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या, लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा साधारण ६ ते ७ टक्के ऊर्जा कमी भरते आणि मायलेज घटते. जुन्या गाड्यांच्या रबरी भागांवरही परिणाम होऊ शकतो.

शिवाय भारतात डिझेलचा खप पेट्रोलच्या दुपटीहून अधिक आहे आणि ट्रक, ट्रॅक्टर यांच्या टाकीपर्यंत हे इथेनॉल पोहोचत नाही. जमिनीचा हिशेबही बाजूला ठेवता येत नाही. पीक सूर्यप्रकाशातली एक-दोन टक्के ऊर्जाच साठवते, तर सौरपटल साधारण २० टक्के ऊर्जेची वीज करते. त्यामुळे शहरी गाड्या आणि दुचाकींसाठी वीज हा जमीन वाचवणारा पर्याय ठरतो. इथेनॉलची भक्कम जागा टाकाऊ मालात आहे. सी-हेवी मळी, खराब झालेले धान्य आणि पिकांचे अवशेष यांसाठी वेगळे शेत किंवा पाणी लागत नाही. पानिपत येथे २०२२ मध्ये सुरू झालेला इंडियन ऑइलचा प्रकल्प भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करण्यासाठी उभारलेला आहे.