घोडे जमेनात म्हणून

अप्लाइड आर्टच्या वर्गात जुलैमध्ये ‘सत्रभर एक सचित्र गोष्ट करा’ असं सांगितलं, की पुढे येणारे विषय साधारण ठरलेले असतात. कुरुक्षेत्र, शिवचरित्र, एखादी अंतराळकथा, आणि कुणाचं तरी स्वतःच रचलेलं, नकाशासकट तयार असलेलं काल्पनिक साम्राज्य. उत्साह अगदी खरा असतो. पण दिवाळीच्या तोंडावर सबमिशन येतं तेव्हा यातल्या बऱ्याच गोष्टी चौथ्या-पाचव्या चित्रापाशी अडून बसलेल्या असतात. गोष्ट किती थोर आहे ते पाहिलेलं असतं. चार महिने रोज उठून काय काढत बसावं लागणार, ते पाहिलेलं नसतं. कुरुक्षेत्र म्हणजे घोडे. समोरून, मागून, उधळलेले, पडलेले.

घोड्यांवरून मॉरिस सेंडाक आठवतो. या अमेरिकन चित्रकाराने 1955 च्या सुमारास रानघोड्यांच्या मुलखात जाणाऱ्या मुलाची एक गोष्ट योजली होती. तिची छोटी कच्ची प्रतही केली. पण गोष्ट पुढे सरकेना, आणि आपल्याला घोडे काढता येत नाहीत हेही त्याच्या ध्यानात आलं. काही वर्षांनी त्याने घोडे काढून टाकले आणि त्या जागी सुळे-नख्यांचे, बटबटीत डोळ्यांचे भलतेच प्राणी आणले. त्यांचे चेहरे सुचले ते लहानपणी ब्रुकलिनच्या घरी येऊन गालगुच्चे घेणाऱ्या नातेवाइकांवरून. 1963 साली ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ निघालं. जमत नाही म्हणून पळवाट काढली, असं कुणी म्हणेल. मला ती निवडच जास्त कसबाची वाटते: जे शिकून काढावं लागलं असतं ते सोडून, वर्षानुवर्षं पाहिलेलं त्याने हाताशी घेतलं.

आपल्याकडे माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं या नजरेने पुन्हा चाळण्यासारखी आहेत. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, लिहिणाऱ्या आणि चित्रंही काढणाऱ्या. ‘राधाचं घर’ या छोट्या पुस्तकांच्या संचात घडतं काय, तर घर आणि घरातली माणसं. ना राक्षस, ना युद्ध. पण माणूस कसा बसतो, मूल मोठ्यांच्या अंगाशी कसं झोंबतं, हे चित्रात नेमकं येतं, आणि शब्दांनी जे सांगितलं नाही ते चित्राकडे सोपवलेलं असतं. विद्यार्थ्याने गोष्टीला लावायची खरी कसोटी हीच. वाक्य वाचल्यावर चित्राला करण्यासारखं काही उरतं का? ‘लाल टोपीतला मुलगा झाडावर चढला’ याखाली लाल टोपीतला मुलगा झाडावर चढवून काय मिळालं?

महाभारतच करायचं असेल त्याने खुशाल करावं, पण आधी कुडाळजवळच्या पिंगुळीला एक फेरी मारावी. तिथल्या ठाकर समाजातल्या चित्रकथीकारांची चित्रं सुट्या कागदांवर असतात. त्यांच्या संचाला पोथी म्हणतात. कथेकरी एकेक चित्र पुढे धरतो आणि गात, बोलत कथा सांगतो. पात्रं मोठी, ठसठशीत, बहुधा एकमेकांसमोर उभी; मागे निसर्गदेखावा जवळपास नाहीच. सैन्य उभं करायला सैन्य काढावं लागत नाही, हे तिथे डोळ्यांनी दिसतं.

गोष्ट दुसऱ्याची असेल तर हक्कांचा प्रश्नही याच टप्प्यावर पाहिलेला बरा. आपल्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं स्वामित्वहक्क राहतो. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, त्यामुळे त्यांचं लेखन 2011 पासून सर्वांना खुलं आहे. हयात लेखकाची कथा वर्गापुरती चालून जाते; पुढे छापायचा विचार असेल तर परवानगीचं पत्र जुलैतच धाडावं.

मग येतो पानांचा हिशेब, आणि इथे छापखाना ठरवतो. मोठा कागद तीनदा दुमडला की 16 पानांचा फर्मा होतो. चित्रपुस्तक बहुतेकदा 32 पानांचं असतं ते अशा दोन फर्म्यांमुळे. शीर्षक, श्रेयनामावली वगैरे वजा जाता गोष्टीला तेरा-चौदा जोडपानं उरतात. म्हणजे कथा कितीही लांब असो, तिचे तेरा-चौदा क्षण निवडायचे आहेत.

ते निवडायचे डमीत. ए-फोरचे आठ कागद मधोमध दुमडून स्टेपल केले की 32 पानांची वही तयार. तिच्यात पेन्सिलने काड्यांची माणसं काढली तरी पुरे. कुणाचा चेहरा मधल्या शिवणीत गेला, कुठे सलग तीन पानं पात्रं एकाच अंतरावर उभी राहिली, उजव्या पानावर उत्कंठा आहे की तिथेच सगळं फुटलंय, हे सुट्या चित्रांत कळत नाही. पान उलटल्यावर लगेच कळतं. सेंडाकच्या पुस्तकात चित्रं सुरुवातीला भरपूर कोऱ्या जागेत लहान असतात, वाढत वाढत तीन जोडपानं एकही शब्द न ठेवता व्यापतात, आणि अगदी शेवटच्या पानावर चित्रच नाही, नुसते शब्द. अशी चढण डमीशिवाय सापडत नाही. ही वही शेजारच्या एखाद्या मुलाला वाचून दाखवावी. मित्र कौतुक करतात. मूल कंटाळलं की सरळ पुढची पानं उलटतं.

सत्र पंधरा-सोळा आठवड्यांचं धरलं, तर यात पाच-सहा आठवडे सहज जातात आणि ‘अजून एकही चित्र नाही’ म्हणून पोटात गोळा येतो. तरी चौदा जोडपानांना उरलेला वेळ पुरतो. फक्त रंगवायला पहिल्या पानापासून बसू नये, मधल्या एखाद्या जोडपानापासून बसावं. महिन्याभरात हात बदलतो, रंग बसतात, नायकाचं नाकसुद्धा जरा सरकतं. आणि ज्युरी पुस्तक उघडते ती पहिल्या पानावर.