इसारपावती ते नोंदणी क्रमांक

आमच्या घरच्या लोखंडी पेटीत, वडिलांच्या प्रॉव्हिडंट फंडाच्या कागदांखाली, एक इसारपावती चौघडी घालून ठेवलेली होती. कागद जाड आणि पिवळा पडलेला. खालच्या कोपऱ्यात रेव्हेन्यूचे तिकीट आणि त्याच्यावरून आडवी गेलेली निळ्या शाईची सही. वर टंकलिखित मजकूर असा, की डोंबिवली पूर्व येथील नियोजित इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांच्या ब्लॉकपोटी इसाराची रक्कम रुपये ५०१ रोख पोचली. तारीख १९७२ च्या अक्षय्यतृतीयेची होती. तोच ब्लॉक मी डिसेंबर २०२० मध्ये विकला. एकाच वास्तूच्या या दोन व्यवहारांमध्ये अठ्ठेचाळीस वर्षे गेली, आणि त्या अवधीत घर घेणाऱ्याच्या व विकणाऱ्याच्या हिताच्या नावाने जे कायदे झाले, ज्या योजना निघाल्या, ज्या सवलती जाहीर झाल्या आणि मुदत सरताच मागे घेतल्या गेल्या, त्यांचा मागोवा घेऊ लागलो म्हणजे एक भेद मला अधिकाधिक स्पष्ट दिसतो : सरकारने ग्राहकाला जिथे हक्क दिला तिथे तो, उशिराने का होईना, त्याच्या हाती राहिला, जिथे नुसती सूट दिली तिथे ती बहुधा घराच्या किमतीत जिरून गेली.

प्रारंभ मात्र १९७२ च्या पुष्कळ आधी करावा लागतो. महायुद्धाच्या आणि फाळणीच्या लोंढ्यांनी मुंबईत निवाऱ्याची जी अनावर टंचाई उत्पन्न झाली, तिच्यावर उपाय म्हणून १९४७ मध्ये मुंबई भाडे नियंत्रण कायदा झाला आणि १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच प्रमाणभूत भाडे म्हणून गोठविण्यात आले. हेतू न्याय्य होता, आणि गिरगाव-परळच्या चाळींतील हजारो कुटुंबांच्या डोक्यावरचे छप्पर त्या कायद्यानेच राखले, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु जे भाडे कधीच वाढावयाचे नाही त्या भाड्यासाठी नवी चाळ कोण बांधणार? भाडोत्री घरांची बांधणी आटली, असलेल्या खोल्या पागडीवर हातोहात फिरू लागल्या आणि बांधकामात पैसा घालणारा मनुष्य भाड्याचा नाद सोडून ‘ओनरशिप’च्या मार्गाला लागला. मराठी मध्यमवर्गाच्या तोंडी हा शब्द आला तो या कायद्याच्या मागच्या दाराने. सर्वोच्च न्यायालयाने या गोठवणीला अवाजवी ठरविले ते १९९७ च्या डिसेंबरात, आणि नवा भाडे नियंत्रण कायदा अमलात आला तो २००० च्या मार्चअखेर. म्हणजे तात्पुरत्या म्हणून योजलेल्या उपायाने अर्ध्या शतकाचा बाजार घडविला.

ओनरशिपच्या व्यवहारात पहिल्या दिवसापासून फसवणूक शिरली असली पाहिजे, कारण १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि अवघ्या वीस दिवसांत, २० मे रोजी, सरकारने या व्यवहारांतील गैरप्रकारांची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. तिच्या अहवालातून १९६३ चा महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट अधिनियम, ज्याला वकील मंडळी ‘मोफा’ म्हणतात, तो जन्मला. त्याचा मसुदा आज वाचला तरी त्यातील जाण थक्क करते. नोंदणीकृत करार झाल्यावाचून किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ नये. जमिनीवरील मालकीचा दाखला, मंजूर नकाशे आणि बोजे ग्राहकाला दाखवावेत. घेतलेला पैसा वेगळ्या खात्यात ठेवावा. मंजूर नकाशात ग्राहकांच्या संमतीवाचून फेरफार करू नये. आणि संस्था नोंदली गेल्यावर जमीन व इमारत तिच्या नावे करून द्यावी. चोपन्न वर्षांनी जो कायदा नवा म्हणून वाजतगाजत आला, त्याची बहुतेक बीजे यात होती. उणीव एकच राहिली, आणि ती भयंकर होती : कायदा मोडणाऱ्याला जाब विचारणारे स्वतंत्र पीठ नव्हते. ग्राहकाने दिवाणी दावा लावावा वा फौजदारी फिर्याद करावी आणि तारखांना हजर राहावे, एवढेच त्याच्या नशिबी होते.

वडिलांचा ब्लॉक सोळा हजारांना ठरला. पतपेढीचे कर्ज, फंडातील उचल आणि आईच्या पाटल्या अशी त्या रकमेची जुळवणी झाली. बँकेने नोकरदाराला घरासाठी कर्ज द्यावे ही कल्पना त्या वेळी आमच्या वाडीत कुणाच्या ध्यानीमनीही नव्हती. करार पाच रुपयांच्या मुद्रांक-कागदावर झाला, त्याला अमोनिया प्रिंटचा नकाशा जोडलेला होता, आणि ताबा ठरल्याहून चौदा महिने उशिरा मिळाला. पुढे सोसायटी नोंदली गेली, भागदाखले वाटले गेले, पण ज्या अभिहस्तांतरणाने, म्हणजे लोकांच्या भाषेतील कन्व्हेयन्सने, जमीन सोसायटीची व्हावयाची ते झालेच नाही. बिल्डर आधी ‘पुढल्या महिन्यात’ म्हणे, मग भेटेनासा झाला, मग वारला; मूळ जमीनमालकाच्या वारसांची संख्या सातबाऱ्यावर वाढत गेली. माझे वडील सोसायटीचे नऊ वर्षे चिटणीस होते आणि त्यांच्या त्या नऊ वर्षांच्या पत्रव्यवहाराची फाइल माझ्या मनगटाहून जाड होती. आपण ज्या भिंतींत राहतो त्यांच्याखालची माती अजून दुसऱ्याच्याच नावावर आहे, ही टोचणी त्यांना शेवटपर्यंत राहिली. जमीनमालक व बिल्डर दाद देत नसल्यास जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून ‘मानीव अभिहस्तांतरण’ मिळविण्याची तरतूद २००८ मध्ये झाली, तेव्हा ते हयात नव्हते.

मधल्या काळातील दोन सरकारी कृती परस्परविरुद्ध दिशांनी गेल्या. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने मुंबईत ५०० चौरस मीटर आणि पुण्यात १,००० चौरस मीटर यांहून अधिक मोकळी जमीन बाळगण्यास मनाई केली. जादा जमीन सरकारजमा होऊन तिच्यावर सामान्यांची घरे उठावीत, हा उद्देश. प्रत्यक्षात जमीन घरांना मिळाली थोडी आणि दाव्यांत, सवलतीच्या अर्जांत व मंत्रालयाच्या दप्तरांत अडकून पडली फार. मोकळी जमीन जितकी दुर्मिळ तितका तिचा भाव चढा, हे बाजाराचे गणित कायद्याला उमगलेच नाही. केंद्राने तो १९९९ मध्ये रद्द केला, महाराष्ट्राने २००७ च्या नोव्हेंबरात. याउलट १९७७ हे साल शुभंकर ठरले. त्या वर्षी हसमुखभाई पारेख यांनी घरकर्जाची स्वतंत्र संस्था, एचडीएफसी, उभी केली आणि वर्षअखेरीस म्हाडा अस्तित्वात आली. पगारदाराचा पगार हेच तारण मानता येते, हा पारेखांचा विचार आज इतका रुळलेला आहे की त्यातील धाडस ध्यानात येत नाही. म्हाडाच्या सोडतीत नाव निघाले म्हणून देवाला पेढे ठेवणारी घरे मी पाहिली आहेत. पण सोडत हा शब्दच सांगतो, की मागणाऱ्यांच्या मानाने घरे मूठभर होती.

नव्वदीच्या मध्यावर मुंबईचे भाव आकाशाला भिडले आणि मग पाचसहा वर्षे उतरत राहिले. त्या उताराच्या तळाशी, शतक पालटताना, कर्जाचे व्याज खाली आले, व्याजापोटी आयकरातील वजावट दीड लाखापर्यंत वाढली (२०१४ मध्ये ती दोन लाख झाली) आणि माझ्या पिढीच्या धाकट्या भावंडांनी तिशीतच घरे घेतली. हप्त्यांचे युग तेव्हा खऱ्या अर्थाने अवतरले. त्याबरोबर ‘पांढऱ्यात किती, काळ्यात किती’ हा प्रश्नही प्रत्येक सौद्यात उघडपणे विचारला जाऊ लागला. प्रामाणिक पगारदाराजवळ काळे असावयाचे कोठून, म्हणून तो सोने मोडून रोख उभी करी आणि त्या रकमेची पावती त्याला कोणी देत नसे. सरकारी दरतक्त्याहून कमी किंमत दाखविली तर विक्रेत्याच्या भांडवली नफ्यासाठी दरतक्त्याचीच किंमत धरावी, हा आयकर कायद्यातील नियम, आणि पुढे ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी, यांनी या रोगाला उतार पडला.

संसदेने मंजूर केलेला स्थावर संपदा कायदा, रेरा, १ मे २०१७ पासून पुरतेपणी लागू झाला, आणि महाराष्ट्राने आपले प्राधिकरण त्याच दिवशी सुरू केले, याचा मला या राज्याचा नागरिक म्हणून अभिमान आहे. करारापूर्वी १० टक्क्यांहून अधिक रक्कम नाही; ग्राहकांच्या पैशांपैकी ७० टक्के त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात; विक्री चटई क्षेत्रावर; बांधकामातील दोष पाच वर्षांपर्यंत विनामोबदला दुरुस्त करून देणे; आणि जाहिरातीवर नोंदणी क्रमांक. मोफात नव्हते ते दाद मागण्याचे ठिकाण येथे मिळाले. प्राधिकरणाने दिलेली वसुलीची अधिपत्रे जिल्हाधिकारी कचेऱ्यांत पडून राहतात आणि निकाल जिंकलेला ग्राहक पुन्हा खेटे घालतो, ही त्यातील मोठी वेदना आहे आणि ती सरकारला पुनःपुन्हा सांगितली पाहिजे. तरीही भाच्याने परवा घर पाहावयास जाण्यापूर्वी नोंदणी क्रमांक टाकून त्या प्रकल्पावरचे दावे, बोजे आणि पुढे ढकललेली ताब्याची तारीख घरबसल्या वाचली, तेव्हा मला वडिलांची ती फाइल आठवली.

आता माझ्या स्वतःच्या विक्रीकडे येतो. टाळेबंदीने एप्रिल २०२० मध्ये दस्तनोंदणी ठप्प झाली होती. बाजार हलावा म्हणून राज्य सरकारने १ सप्टेंबरपासून डिसेंबरअखेर मुद्रांक शुल्कात तीन टक्क्यांची आणि त्यापुढे मार्चअखेरपर्यंत दोन टक्क्यांची सूट दिली. मुंबईत ५ टक्क्यांचे शुल्क २ टक्क्यांवर आले. परिणाम विलक्षण झाला. त्या डिसेंबरात एकट्या मुंबईत १९ हजारांहून अधिक दस्त नोंदले गेले. कल्याणच्या दुय्यम निबंधक कार्यालयात आम्ही गेलो तेव्हा महिनाअखेर होती आणि रांग जिन्यावरून रस्त्यापर्यंत आलेली होती. मुखपट्टी लावलेली माणसे, काखेत प्लास्टिकच्या पिशवीत दस्त, हातात टोकनाचा चिटोरा. कॅमेऱ्यासमोर क्षणभर मुखपट्टी उतरवावयाची, की लगेच मागचा मनुष्य दोन पावले सरके. माझा अंगठा यंत्र घेईना. निर्जंतुक द्रावाने तो ओला झाला होता. “काका, पँटीला पुसा आणि जरा दाबून ठेवा,” असे लिपिक म्हणाला, आणि तिसऱ्या खेपेस पडद्यावर वडिलांच्या ब्लॉकचे वर्णन व माझा अंगठा शेजारी शेजारी उमटले.

परंतु त्या व्यवहारातील जी गोष्ट मला आजही खुपते ती आठ दिवस आधीची. खरेदीदार तरुण, नवराबायको दोघे नोकरदार, पगार कापले गेलेले. त्यांनी लाखभर कमी करा म्हणून विनवणी केली. दलाल मला बाजूला घेऊन म्हणाला, “काका, भाव सोडू नका, त्यांची ड्युटी वाचतेच आहे.” मी भाव सोडला नाही. सरकारने खजिन्यातून जी रक्कम त्या जोडप्यासाठी सोडली तिचा मोठा वाटा माझ्या खात्यात आला, आणि मी लोभी नसतानाही ते सहज घडून गेले. सूट किमतीत कशी जिरते हे मला कोणत्याही अर्थशास्त्राच्या ग्रंथाने इतके उघड करून दाखविले नसते. जानेवारी २०२१ मध्ये सरकारने बिल्डरांनी भरावयाचे अधिमूल्य निम्मे केले तेव्हा ग्राहकाचे मुद्रांक शुल्क बिल्डरनेच भरावे अशी अट घातली, ती या अनुभवाच्या दृष्टीने शहाणपणाची होती. पण ते शुल्क दरात धरले गेले की नाही, हे तपासावयाचे कोणी?

प्रधानमंत्री आवास योजनेचे असेच. २०१५ पासून तिच्याखाली व्याजात जी मदत मिळे, कमाल सुमारे २ लाख ६७ हजार रुपये, तिने लहान शहरांत पुष्कळांना हात दिला. २०२४ च्या दुसऱ्या टप्प्यात हीच मदत ३५ लाखांपर्यंतच्या घराला, कमाल १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत आहे. अमरावतीला वा सोलापूरला ३५ लाखांत घर मिळते. मुंबईच्या हद्दीत त्या किमतीत काय मिळते ते प्रत्येक वाचक जाणतो. विक्रेत्यांच्या बाबतीत २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने महागाई निर्देशांकाचा लाभ काढून भांडवली नफ्यावर साडेबारा टक्के कर ठेवला आणि ओरड झाल्यावर, त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घरांपुरती जुन्या पद्धतीची मुभा पुन्हा दिली. माझा व्यवहार त्याआधीच आटोपला होता.

माझे खरेदीदार अधूनमधून फोन करतात. त्यांनी कर्ज घेतले तेव्हा रेपो दर ४ टक्के होता. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो साडेसहावर गेला, आणि ऑक्टोबर २०१९ पासून नवी कर्जे अशा बाह्य दराशी जोडलेली असल्याने प्रत्येक वाढ थेट त्यांच्या माथी आली. हप्ता तोच राहिला, मुदत वाढत गेली. एके दिवशी बँकेच्या पत्रात शेवटच्या हप्त्याची जी तारीख आली ती त्या तरुणाच्या निवृत्तीनंतरची होती. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जदाराला हप्ता वाढवावा की मुदत, हे विचारलेच पाहिजे असा आदेश काढला, तेव्हा त्यांनी हप्ता वाढवून घेतला. जून २०२५ मध्ये दर साडेपाचवर उतरल्यावर मुदत थोडी आखडली. त्यांचा गेल्या खेपेचा फोन मात्र कर्जाविषयी नव्हता. सोसायटीने मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज केला असून १९७२ चे कागद हवे आहेत, असे ते म्हणाले. मूळ करार त्यांच्या बँकेत गहाण आहे, त्याची प्रत तिथून मिळेल. वडिलांची फाइल मी काढून ठेवली आहे. रविवारी ती नेऊन देणार आहे.