‘तो तुझा कोण?’

पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेताना काय घडलं हे नंतर विचारतात. आधी नातं विचारतात. ‘नवरा’ असं उत्तर आलं की लिहिणारीचा पेन थांबतो.

नांदेड, देगलूर, उदगीरकडून हैदराबादेत कामाला आलेल्या बाया पुष्कळ. त्यांच्यातली कुणी ठाण्यात निघाली की सोबतीला आणि तेलुगू समजावून द्यायला मी जाते. ‘नको म्हटलं तरी ऐकत नाही, लेकरं शेजारी असतात’ एवढं तोंडून निघायलाच बाहेरच्या बाकावर बराच वेळ जातो. आत तेच ‘शारीरिक व मानसिक छळ’ असं उतरतं. लिहिणारी कॉन्स्टेबल निर्दय नसते, कायदाच तिला अडवतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्ये बलात्काराची व्याख्या आहे आणि तिथेच अपवादही आहे: अठरा वर्षांवरील पत्नीशी पतीने केलेला संभोग बलात्कार नव्हे. 1860 च्या दंडसंहितेतला हा अपवाद 2024 पासून लागू झालेल्या या नव्या कायद्यातही राहिला. मग उरतं कलम 85, म्हणजे क्रूरता, शिक्षा फार तर तीन वर्षं. बलात्काराला किमान दहा. नवरा-बायको वेगळे राहत असतील तर कलम 67 लागतं, पण मग वेगळं राहण्याचा कागद मागतात. तो कुठून आणायचा?

2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अहवाल संरक्षण अधिकारी भरतात. त्यात लैंगिक हिंसेच्या रकान्यात ‘जबरदस्तीचा संभोग’ स्पष्ट छापलेला आहे, समोर फक्त खूण करायची. त्या खुणेवर संरक्षणाचा आदेश मिळतो, राहायला घर मिळतं. बलात्काराचा खटला मात्र उभा राहत नाही. एकाच सरकारचे हे दोन कागद! मला याचा संताप येतो.

याच शहरात 1978 मध्ये नल्लाकुंटा ठाण्यात एका बाईवर पोलिसांनी अत्याचार केला, दाद मागणाऱ्या तिच्या नवऱ्याला मारून टाकलं. चौकशीत तिचं लग्न खरं की खोटं, हेच उकरलं गेलं. तेव्हा ती बायको नाही असं सांगून तिला खोटं पाडत होते. आज बायको आहे म्हणून दार बंद.

2016 पासून शहर पोलिसांचं ‘भरोसा’ केंद्र आहे. समुपदेशन, वैद्यकीय आणि कायदेशीर मदत एकाच छताखाली मिळते, धावपळ वाचते. कलम 63 चा अपवाद मात्र तिथेही तोच.

म्हणून सही करण्याआधी तक्रार वाचून दाखवायला लावते, तो तक्रार देणारीचा हक्क आहे. ‘नको म्हटलं होतं’ हे त्यात नसेल तर घालायला सांगते. प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय आम्ही उठत नाही.