वाचकमताची चिकित्सा : शेरलॉक होम्सच्या पुनरागमनोत्तर कथा

सर आर्थर कॉनन डॉयल यांच्या शेरलॉक होम्स मालिकेत १८८७ ते १९२७ या काळात ४ कादंबऱ्या व ५६ कथा प्रसिद्ध झाल्या. डिसेंबर १८९३ च्या कथेत डॉयल यांनी होम्सचा अंत घडवला. वाचकांनी निषेधाची पत्रे पाठवली. १९०३ मध्ये होम्स कथांत परतला. मात्र परतलेला होम्स पूर्वीचा राहिला नाही, असे मत वाचकांत रूढ झाले. कॉर्नवॉलमधील एका नावाड्याने ते बोलून दाखवल्याची आठवण स्वतः डॉयल यांनी नोंदवली आहे.

या मताची पडताळणी करण्यास एक साधन उपलब्ध आहे. १९२७ मध्ये 'स्ट्रँड' मासिकाने डॉयल यांच्या आवडत्या १२ कथा ओळखण्याची स्पर्धा घेतली. पुस्तकरूपाने न आलेल्या अखेरच्या १२ कथा वगळता ४४ कथा विचारार्थ होत्या. डॉयल यांच्या यादीत १८९३ पर्यंतच्या २४ कथांपैकी ७, तर पुनरागमनानंतरच्या २० कथांपैकी ५ आढळतात. दोन्ही प्रमाणे जवळजवळ सारखीच आहेत.

लेखकाची निवड हा गुणवत्तेचा निर्णायक पुरावा नव्हे, हे खरे. तथापि ऱ्हासाचे मत गृहीत न धरता प्रत्येक कथेचे स्वतंत्र वाचन आवश्यक ठरते. पहिल्या वाचनाच्या आनंदाची स्मृती हा समीक्षेचा निकष होऊ शकत नाही.