नानकटाईच्या पिठाखाली केळी

२०२५च्या घटस्थापनेच्या दिवशी, २२ सप्टेंबरला, केक आणि बिस्किटांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. तूप आणि लोणीही १२ वरून ५ टक्क्यांत आलं. दिवाळीच्या यादीत कोणाचे किती वाचले याचे हिशेब पुढे महिनाभर छापून येत राहिले. जळगाव जिल्ह्याच्या पानांवर त्याच सुमाराला दुसरी बातमी होती ती केळीच्या पडलेल्या भावाची. जिल्ह्यातल्या पारोळ्यात दोन्ही बातम्या वाचल्या गेल्या, पण एक बाजाराच्या रकान्यात आणि दुसरी शेतीच्या. खरं तर दोन्ही एका ट्रेमध्ये मावतात. तळाला पिकलेली केळी, वर तूप-साखर-पिठाचा मोकळा चुरा आणि अर्धा तास भट्टी, एवढाच हा पदार्थ.

इंग्रजी पाकपुस्तकांत याला क्रम्बल म्हणतात आणि तिथे तळाला बहुतेक वेळा सफरचंद असतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये ८ जानेवारी १९४०पासून लोणी आणि साखर रेशनवर गेली, आणि रेशनची सगळी बंधनं पुरती उठायला जुलै १९५४ उजाडला. पायसाठी लोण्याची पारी मळायची, लाटायची, ताटलीवर बसवायची, तर लोणी बरंच लागतं आणि हातही सराईत लागतो. चुऱ्याला दोन्हीतलं फारसं काही लागत नाही. त्या टंचाईच्या वर्षांत हा पदार्थ घरोघरी रुळला आणि रेशन संपल्यावरही राहिला.

खानदेशाला मात्र तो ब्रिटनहून आणायची गरज नाही. क्रम्बलचा वरचा थर म्हणजे न वळलेली नानकटाई. जिन्नस तेच, प्रमाणही जवळपास तेच, आणि दोन्हींत पाण्याचा थेंब नाही. फरक इतकाच की नानकटाईचा गोळा वळून पत्र्यावर ठेवतात आणि हा चुरा तसाच फळांवर पसरतात. पारोळ्याच्या कुठल्याही घरात दिवाळीच्या आठवड्यात हे पीठ तयार असतं, आणि त्यातलं मूठभर बाजूला काढून ठेवणं कुणालाही जड नाही.

या नानकटाईचं आणि पारोळ्याचं नातं रस्त्याचंही आहे. गाव धुळे आणि एरंडोल यांच्या मधे राष्ट्रीय महामार्ग ५३ वर बसलं आहे. जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही तो सहा नंबरचा हायवे. हा रस्ता पश्चिमेला नवापूर ओलांडून सुरतेला, तिथून हजिऱ्याला समुद्रापर्यंत जातो, आणि नानकटाईची सर्वांत प्रसिद्ध हकीकत सुरतेचीच आहे. तिथल्या डच वखारीतल्या लोकांसाठी पाव भाजणारी एक भट्टी होती. डच निघून गेले तेव्हा ती फरामजी पेस्तनजी दोटीवाला या पारशी गृहस्थांकडे आली, असं सांगतात. पावाचं गिऱ्हाईक आटलं, उरलेला पाव वाळून कडक होऊ लागला आणि तोच लोकांना चहाबरोबर आवडू लागला. पुढे त्याच भट्टीत बिस्किटं आली, मग तुपाची नानकटाई आली. हकीकतीचे सगळे तपशील ताडून पाहता येत नाहीत. पण सुरतेपासून खानदेशापर्यंतच्या बाजारपेठांत भट्टी आणि नानकटाई जोडीने रुजली हे कोणत्याही तालुक्याच्या गावी बघायला मिळतं.

त्याहून मोलाची आहे ती भट्टीवर जाण्याची रीत. घरून मैदा, रवा, बेसन, तूप, पिठीसाखर डब्यांत भरून बेकरीवर न्यायची, किलोमागे भाजणावळ द्यायची आणि गरम नानकटाईचे डबे घेऊन परत यायचं. घरात ओव्हन नसणाऱ्या पिढ्यांनी महाराष्ट्रभर असंच भाजून आणलं. या व्यवहारात तूप घरचं असतं, म्हणून चवही घरची राहते. करकपातीने तयार बिस्किटांचा पुडा स्वस्त झाला, हे चांगलंच. पण त्याच कपातीने तुपाचा डबाही स्वस्त झाला आहे, आणि तो घेऊन भट्टीवर जाणं हा जास्त चवदार सौदा आहे.

विटांच्या भट्टीचा एक गुण इथे फार कामाचा. पाव भाजून झाला की आच काढून घेतली तरी विटांमधली धग तासन् तास टिकते, हळूहळू उतरत जाते. पावाला कडक आच लागते, नानकटाईला मध्यम, आणि फळांच्या ट्रेलाही १८० अंशांच्या आसपासची मध्यमच. म्हणजे नानकटाईचे पत्रे बाहेर आले की उरलेल्या धगीत ट्रे सरकवायचा. सरपण वेगळं जाळावं लागत नाही. पारोळा, अमळनेर, एरंडोलच्या बेकऱ्यांनी दिवाळीत भाजणावळीच्या पाटीवर केळीच्या ट्रेची एक ओळ वाढवली, तर गिऱ्हाईक नक्की येईल.

आता केळीकडे. पारोळा तालुका मुख्यतः कपाशीचा आणि ज्वारी-बाजरीचा. केळीचा पट्टा उत्तरेला, तापीच्या खोऱ्यात सातपुड्याच्या पायथ्याशी: रावेर, यावल, मुक्ताईनगर, चोपडा. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि २०२१ मध्ये तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची मानांकित २२ टन केळी दुबईला गेली. सावदा आणि रावेर स्टेशनांवरून दिल्लीला रेल्वेने माल जातो. पण हा सगळा व्यवहार कच्च्या, हिरव्या घडांचा आहे. घड पिकायच्या आत गेला पाहिजे, नाही तर त्याचा भाव शून्य.

पिकलेल्या केळीचं काय करायचं हा प्रश्न जळगावला नवा नाही. उद्योजक भवरलाल जैन यांनी १९७८ मध्ये केळीची भुकटी करणारा एक बंद पडत आलेला कारखाना घेतला. तिथे पुढे भुकटीऐवजी पपईच्या चिकापासून पपेन बनू लागलं आणि त्यावर जैन उद्योगाचा पाया भक्कम झाला. नंतर याच उद्योगाने ग्रँड नैन या केळीच्या जातीची ऊतीसंवर्धित रोपं खानदेशाच्या शेतांत पोचवली आणि बागांचं रूपच बदललं. शेतीत इतकी मोठी झेप घेतलेल्या या मुलखात स्वयंपाकघर मात्र शिकरण, वेफर्स आणि कच्च्या केळीची भाजी यांच्यापुढे फारसं सरकलं नाही. हे खटकतं. एका गोड पदार्थाने बाजारभाव सावरणार नाही. त्याला शीतगृहं, प्रक्रिया आणि खरेदीची हमी लागते. पण ज्या जिल्ह्याने देशाला केळी खाऊ घातली, त्याच्या सणाच्या ताटात पिकल्या केळीचं भाजलेलं गोड असायला हवं.

चवीची ओळख तर आधीच आहे. सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्यात तुपात केळं पडतं तेव्हा जो वास घरभर पसरतो, तोच भट्टीत आणखी गडद होतो. हिरव्या केळात पिष्ट भरपूर असतं. ते पिकताना जवळजवळ सगळं साखरेत उतरतं. ही साखर आचेवर तपकिरी होते, तिचा रस कडेने बुडबुडतो आणि थंड होताना पाकासारखा चिकट होतो. म्हणून सालीवर काळे ठिपके आलेली, पण बोटाने दाबल्यावर न फुटणारी केळी घ्यावीत. बाजारात ती संध्याकाळी स्वस्तात मिळतात.

सहा केळी उभी चिरून, प्रत्येक फाकेचे दोन तुकडे करावेत. पातळ चकत्या केल्या तर भट्टीत लगदा होतो. केळीत आंबटपणा नसतो, त्यामुळे नुसती केळी भाजली तर गोडी जड वाटते. तिथे अर्ध्या लिंबाचा रस आणि दोन पेरू उपयोगी पडतात. शरदात पेरू येऊ लागतो, त्यात पेक्टिन भरपूर असतं आणि त्याने रस आळून येतो. बिया मात्र काढून टाकाव्यात, भाजल्यावर त्या दाताखाली खड्यासारख्या लागतात. वरून दोन चमचे किसलेला गूळ, थोडं जायफळ, चिमूटभर सुंठ. पेरूऐवजी सफरचंद चालतं. काश्मीर-हिमाचलचा नवा माल याच दिवसांत उतरतो.

चुऱ्यासाठी एक वाटी कणीक, अर्धी वाटी दादरीचं पीठ, अर्धी वाटी साखर, अर्धी वाटी तूप, चिमूट मीठ. दादर ही खानदेशातली रब्बीची ज्वारी, आणि तिच्या पिठात चिकटपणा नसल्याने चुरा खुसखुशीत होतो. तूप थिजलेलंच हवं. ऑक्टोबरच्या उन्हात ते पातळ होऊन बसतं, तेव्हा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मग बोटांच्या टोकांनी पिठात चोळावं. मळायचं नाही. लोण्यात साधारण सहावा भाग पाणी असतं, तुपात ते जवळपास नसतं, म्हणून तुपाचा चुरा जास्त मोकळा राहतो. शेवटी पाव वाटी शेंगदाण्याचं जाडसर कूट आणि चमचाभर तीळ मिसळावेत. खरिपाच्या नव्या शेंगा याच सुमाराला घरात आलेल्या असतात.

हा चुरा फळांवर भुरभुरावा, दाबू नये. खालच्या वाफेला बाहेर पडायला वाट लागते. भट्टीत किंवा ओव्हनमध्ये १८० अंशांवर ३० ते ३५ मिनिटं. कडा बुडबुडल्या आणि वर बदामी रंग आला की झालं. अनेक घरांच्या माळ्यावर झाकणाला काच असलेला गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन अजून पडून असतो, त्यात हे छान होतं. कुकरच्या तळाला मीठ घालून, शिटी आणि रिंग काढून केक करतात, तसा प्रयोग इथे फसतो. झाकणाला साचलेली वाफ चुऱ्यावर ठिबकते आणि तो मऊ पडतो. ओव्हन नसेल तर चुरा कढईत मंद आचेवर वेगळा भाजावा, फळं तुपावर तव्यात परतावीत आणि वाढताना एकत्र करावीत.

शरदातलं सर्वांत लाडकं फळ मात्र भट्टीपासून लांब ठेवायचं. सीताफळाचा गर तापला की कडवट होतो, रंगही बिघडतो. पण बिया काढलेला तो गर कोजागिरीसारख्या आटवलेल्या, फ्रीजमध्ये गार केलेल्या दुधात कालवला, तर या गरम केळीवर ओतायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही. गार दूध गरम चुऱ्यावर पडल्यावर तो भराभर भिजतो, म्हणून हे टेबलावर, खाणाऱ्याच्या वाटीत ओतावं. उरलेला ट्रे फ्रीजमध्ये दोन दिवस राहतो. गरम करताना झाकण ठेवू नये, नाहीतर वरचा खुसखुशीतपणा जातो.