15 फुटी होडी 18 फुटी करायची म्हणजे…

घरी होडी बांधायचा नाद इंग्लंडमध्ये जुना आहे. 1963 साली 'डेली मिरर' वृत्तपत्राच्या पुढाकाराने 'मिरर' नावाची शिडाची छोटी होडी निघाली, लांबी जेमतेम 3.3 मीटर. प्लायवूडचे तुकडे तांब्याच्या तारेने शिवायचे, सांध्यांवर फायबरग्लासची पट्टी आणि रेझिन लावायचं. साध्यासुध्या लोकांनी आपापल्या गॅरेजमध्ये अशा हजारो होड्या बांधल्या.

तयार आराखडा विकत घेणाऱ्या हौशी माणसाला एक मोह हमखास होतो: आराखडा छान आहे, होडी जरा लहान वाटते, मग सगळी मापं 1.2 ने गुणली तर? मीही याच मोहात होतो. हाती असलेला आराखडा 15 फुटी, दोघांपुरता. घरात आम्ही चौघं, शिवाय उन्हाळ्यात आई-बाबा येतात. 'स्केल' करणं म्हणजे एक आकडा बदलणं, अशी आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची समजूत. पाणी ती मानत नाही.

हिशेब मांडून बघा. लांबी 1.2 पट झाली की शिडाचं क्षेत्रफळ 1.44 पट होतं आणि पाण्यात बुडणारं आकारमान 1.73 पट. मूळ होडी माणसांसकट 300 किलोला नीट तरंगत असेल, तर मोठीला तसंच बसायला 518 किलो लागतात. वरचे 218 किलो जाड लाकडातून, जास्त माणसांतून किंवा तळाशी ठेवलेल्या वजनातून यायला हवेत. नाही आले तर होडी पाण्यावर उंच तरंगते.

आता वारा. शीड 1.44 पट, त्यात ते उंचावर गेलेलं, म्हणून होडी कलवणारा जोर 1.73 पट. छोट्या होडीत तोल सांभाळायला काठावर बसलेल्या माणसाचं वजन फार कामाचं असतं. रुंदी वाढल्याने त्याला 1.2 पट फायदा मिळतो, तेवढाच. माणूस काही 20 टक्क्यांनी वाढत नाही! उलट, पुरेसं वजन भरून होडी खाली बसवली, तर तिची सरळ राहायची ताकद 2.07 पट होते. वाचायला छान वाटतं, पण पूर्वी जोराच्या झुळकीला कलून वारा सोडून देणारी होडी आता ताठ उभी राहते आणि तो ताण डोलकाठीवर जातो. 1.2 पट जाड केलेल्या डोलकाठीची ताकद वाढलेली असते 1.73 पट.

प्लायवूडची गंमत वेगळीच. 6 मिलिमीटरचे 7.2 करायचे, तर तशी शीट दुकानात नसते. सहसा 9 ची घ्यावी लागते. ती वाकवायला तिपटीहून जास्त जोर लागतो. नाळेकडच्या वळणावर 6 ची फळी हाताने बसते, 9 ची तडकूही शकते.

'म्हादेई' आठवते? गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात बांधलेली 56 फुटी नौका. दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तिचा 'टोंगा 56' हा डच आराखडा मुळातच त्या मापाचा होता, आणि 'तारिणी'साठी तोच त्याच मापात पुन्हा वापरला. सगळं माहीत असलेली माणसं असं करतात, तर गॅरेजवाल्याने काय करावं?

एक मधला मार्ग आहे. रुंदी, उंची, शीड तसंच ठेवून फक्त आडव्या साच्यांमधलं अंतर वाढवायचं, तेही 10 टक्क्यांपर्यंत आणि आराखडाकाराला विचारून. यात 15 ची साडेसोळा फूट होते, वेगही किंचित वाढतो. पण बसायची जागा काही दुप्पट होत नाही. सहा माणसं त्यात बसवायचा विचार माझ्या बायकोने एका वाक्यात निकाली काढला: "तुझ्या आईला पोहता येत नाही."

म्हणून आता 18 फुटांसाठीच काढलेला दुसरा आराखडा घेतलाय. एकूण खर्चात आराखड्याचे पैसे किरकोळच. अडचण एवढीच की आमचं गॅरेज 16 फुटांचं आहे, त्यामुळे काम मागच्या अंगणात मांडव घालून करावं लागणार. बाबा म्हणाले, "जूनमध्ये येतोच आहे. बांबू मिळतात का तिथे, ते बघून ठेव."