संदर्भांची मालकी : संदर्भ-व्यवस्थापन प्रणालींच्या साडेचार दशकांचा मागोवा

वाचलेल्या ग्रंथांच्या व लेखांच्या नोंदी ठेवणे, लिहिताना त्यांतील नेमकी नोंद मजकुरात उद्धृत करणे आणि अखेरीस ठरलेल्या शैलीत संदर्भसूची तयार करणे, ही तीन कामे ज्या संगणकप्रणाली करतात त्यांना संदर्भ-व्यवस्थापन प्रणाली म्हणतात. यांतील पहिले काम संगणकाच्या कितीतरी आधीपासून चिठ्ठ्यांवर होत आले असून, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली सुरू झालेल्या संस्कृत महाकोशाच्या प्रकल्पासाठी जमलेल्या सुमारे एक कोटी चिठ्ठ्या हे त्या पद्धतीचे महाराष्ट्रातील सर्वांत भव्य उदाहरण होय. चिठ्ठी हरवते, भिजते, चुकीच्या खणात पडते. परंतु ती वाचण्यासाठी कोणाचा परवाना लागत नाही. संगणकावर येताना संशोधकांनी हा गुण गृहीतच धरला, आणि तसा तो गृहीत धरल्याची किंमत त्यांना पुढील काळात वारंवार मोजावी लागली.

आरंभीच्या प्रणालींत हा गुण शाबूत होता. अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये माइक लेस्क यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस तयार केलेली ‘रेफर’ ही प्रणाली नोंदी साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवत असे. पुढे १९८५ साली ओरेन पाताश्निक यांनी लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या ‘लाटेक’ या अक्षरजुळणी-प्रणालीला जोड म्हणून ‘बिबटेक’ तयार केली. नोंद कशाची आहे हे एका फाइलीत आणि ती छापताना कशी दिसावी हे दुसऱ्या फाइलीत, अशी फारकत तिने रूढ केली. त्यामुळे लेख एका नियतकालिकाने नाकारल्यावर दुसऱ्याकडे पाठवताना सगळी सूची नव्याने लिहिण्याचे कारण उरले नाही. गणित, भौतिकी आणि संगणकशास्त्र या विषयांत ही पद्धत आजही टिकून आहे. तिची मर्यादा इंग्रजीबाहेर जाणवते. मूळ बिबटेक अक्षरांऐवजी बाइट मोजत असल्याने, युनिकोडमध्ये तीन बाइटांत साठवलेल्या देवनागरी अक्षराचे आद्याक्षर काढताना अक्षराचा तुकडाच हाती येण्याचा धोका असे. हा दोष ‘बिबलाटेक’ व तिच्यासोबतची ‘बिबर’ या नंतरच्या साधनांनी दूर केला.

लाटेक न वापरणाऱ्या वैद्यक, जीवशास्त्र आणि मानव्यविद्या या क्षेत्रांतील अभ्यासकांसाठी १९८०च्या दशकात व्यापारी प्रणाली आल्या. रेफरन्स मॅनेजर, प्रोसाइट आणि एंडनोट या त्यांतील तीन प्रमुख. नोंदींचा साठा आणि वर्डसारखी लेखनप्रणाली यांना थेट जोडून मजकुरातले कंसातील उल्लेख व शेवटची सूची एकमेकांशी सुसंगत ठेवण्याची सोय त्यांनी दिली, आणि ही सोय खरोखरच मोठी होती. मूळच्या प्रतिस्पर्धी असलेल्या या तिन्ही प्रणाली पुढे थॉम्सन या एकाच उद्योगसमूहाच्या छत्राखाली गेल्या आणि त्यांतील एंडनोटच जोपासली गेली. प्रोसाइट बंद झाली, तर रेफरन्स मॅनेजरची विक्री २०१५च्या अखेरीस थांबली. रेफरन्स मॅनेजर बनवणाऱ्या रिसर्च इन्फर्मेशन सिस्टिम्स या कंपनीच्या नावावरून ओळखला जाणारा ‘आरआयएस’ हा नोंदींचा आराखडा मात्र आजही जवळपास प्रत्येक नियतकालिकाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतो. या आराखड्यात लेखक, शीर्षक, वर्ष अशा प्रत्येक बाबीसाठी ओळीच्या आरंभी ठरलेली दोन चिन्हे असतात, इतकेच. प्रणाली गेली आणि तिचा साधा मजकुराचा आराखडा उरला, ही गोष्ट या क्षेत्रातील जाहिरातींच्या कोणत्याही तक्त्यापेक्षा अधिक बोलकी आहे.

नव्या शतकाच्या पहिल्या दशकात साठा संशोधकाच्या संगणकावरून महाजालावर सरकला. रेफवर्क्स ही ग्रंथालयांच्या वर्गणीवर चालणारी सेवा, तसेच २००४ साली आलेल्या साइटयूलाइक व कनोटिया या संदर्भ सार्वजनिकरीत्या टिपून ठेवण्याच्या मोफत सेवा याच काळातील. कनोटिया २०१३ मध्ये आणि साइटयूलाइक २०१९ मध्ये बंद झाली.

ऑक्टोबर २००६ मध्ये अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास व नवमाध्यम केंद्राने ‘झोटेरो’ प्रसिद्ध केली. ती मुक्तस्रोत, म्हणजे जिची मूळ संहिता कोणालाही पाहता व बदलता येते अशी प्रणाली होती आणि आरंभी फायरफॉक्स या न्याहाळकाचा एक भाग म्हणून चालत असे. ग्रंथालयाची तालिका किंवा लेखाचे पान उघडले असता तेथील तपशील ती एका कळीसरशी उचलून घेई. इतिहासकारांनी इतिहासकारांसाठी बनवलेली असल्याने हस्तलिखिते, पत्रे, मुलाखती यांनाही तिच्यात स्वतंत्र नोंदप्रकार मिळाले, जे वैद्यकाच्या गरजांवर वाढलेल्या प्रणालींमध्ये दुय्यम राहिले होते. सप्टेंबर २००८ मध्ये एंडनोटची मालक थॉम्सन रॉयटर्स हिने विद्यापीठाविरुद्ध व्हर्जिनियातील न्यायालयात दावा दाखल केला. एंडनोटच्या शैलीफाइली झोटेरोला वाचता येतील अशी सोय परवान्याच्या अटी मोडून करण्यात आली, असा आरोप होता आणि मागणी किमान एक कोटी डॉलरच्या भरपाईची होती. जून २००९ मध्ये हा दावा फेटाळला गेला. वाद वरकरणी फाइलींच्या एका प्रकाराचा असला, तरी तंटा होता तो वापरकर्त्याला एका प्रणालीतून दुसरीत जाता यावे की नाही याचा. पुढील काळात ‘सीएसएल’ ही संदर्भशैली वर्णन करण्याची खुली भाषा सर्वत्र रुजली. ब्रूस डार्कस यांनी आरंभलेल्या या भाषेत आज दहा हजारांहून अधिक शैली उपलब्ध असून झोटेरोप्रमाणेच तिच्या प्रतिस्पर्धी मेंडेलीनेही तीच स्वीकारली.

मेंडेली २००८ मध्ये लंडनहून आली. पीडीएफ फाइली सुबक रीतीने लावणे, त्यांवर टिपणे करणे आणि संशोधकांचे परस्परांशी जाळे विणणे यांमुळे ती झपाट्याने पसरली. एप्रिल २०१३ मध्ये एल्सव्हिअर या प्रकाशनसंस्थेने ती विकत घेतली. नियतकालिकांच्या चढ्या किमतींच्या निषेधार्थ गणितज्ञ टिमथी गॉवर्स यांच्या पुढाकाराने याच संस्थेवर हजारो संशोधकांनी बहिष्कार पुकारल्याला तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. नंतर २०१८ मध्ये मेंडेलीच्या नव्या आवृत्तीने वापरकर्त्याच्या स्वतःच्याच संगणकावरील साठा कूटबद्ध केला, त्यामुळे झोटेरोला तो थेट वाचता येईनासा झाला. सुरक्षा व युरोपातील विदासंरक्षण कायदा ही त्याची कारणे देण्यात आली. साध्या आराखड्यांत नोंदी बाहेर काढण्याची वाट मोकळी राहिली, मात्र संग्रहांची रचना व टिपणे त्या वाटेने जशीच्या तशी येत नव्हती. सप्टेंबर २०२२ पासून मेंडेलीची जुनी संगणकीय आवृत्ती उतरवून घेणेही थांबले. याउलट झोटेरोने २०१७ मध्ये फायरफॉक्सवरचे अवलंबन सोडले आणि २०२२च्या सहाव्या आवृत्तीत पीडीएफवाचक अंतर्भूत केला, म्हणजे मेंडेलीकडे ओढा असण्याचे मुख्य कारणही उरले नाही. मोफत मिळणाऱ्या साठवणजागेत मात्र तिचे ३०० मेगाबाइट मेंडेलीच्या दोन गिगाबाइटांपुढे तोकडेच ठरतात.

भारतात या निवडीला धार आली ती विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांमुळे. २००९च्या विनियमांनी प्रबंधाची संगणकीय प्रत जमा करणे आवश्यक केले व ‘शोधगंगा’ या भांडारात प्रबंध साठू लागले. २०१८च्या विनियमांनी वाङ्मयचौर्याच्या पायऱ्या १०, ४० व ६० टक्के साम्याच्या मर्यादांनी आखून दिल्या. नीट दिलेला संदर्भ आता केवळ शिष्टाचार राहिला नाही. परंतु मराठीत लिहिणाऱ्या अभ्यासकाला वरील प्रणालींचा लाभ अर्धाच मिळाला. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेल्या सूची त्यांत आणल्या की निरर्थक चिन्हांची रांग उमटते. परदेशी तालिकांतून एका कळीसरशी येणारी मराठी ग्रंथाची नोंद बहुधा रोमन लिपीत असते आणि ती हाताने पुन्हा लिहावी लागते. आडनाव व नाव असे दोन रकाने गृहीत धरणाऱ्या प्रणालीला कुसुमाग्रज, ग्रेस, तुकाराम यांचे काय करावे हे आपणहून कळत नाही; झोटेरोत त्यासाठी एकच रकाना निवडावा लागतो, आणि कुसुमाग्रजांची कविता व वि. वा. शिरवाडकरांचे नाटक एका व्यक्तीखाली आणायचे की नाही हा निर्णय शेवटी अभ्यासकाचाच राहतो. अकारविल्हे लावण्यातही पेच आहे. मराठी वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ अखेरीस येतात, तर युनिकोडच्या संकेतांकांत ळ हा ल च्या पाठोपाठ येतो आणि क्ष क मध्ये मिसळतो. मराठीचे क्रमनियम प्रणालीला वेगळे सांगितलेले नसतील तर सूची त्याच संकेतांकांप्रमाणे लागते.

जपानमधील नागोया विद्यापीठातील फ्रँक बेनेट यांनी झोटेरोवरून घडवलेल्या, पुढे ‘ज्युरिस-एम’ नावाने ओळखल्या गेलेल्या प्रणालीत एकाच नोंदीत मूळ लिपी, लिप्यंतर आणि भाषांतर अशी तिन्ही रूपे ठेवण्याची सोय करण्यात आली होती, आणि मराठी ग्रंथाचा संदर्भ इंग्रजी लेखात देणाऱ्याला ती विशेष उपयोगी होती; मुख्य झोटेरोत ती सोय त्या रूपात आलेली नाही. मराठी प्रबंधांत मूलभूत व दुय्यम साधने, मराठी, हिंदी व इंग्रजी ग्रंथ असे सूचीचे भाग पाडण्याचा प्रघात आहे. बिबलाटेकमध्ये प्रत्येक नोंदीला खूणशब्द देऊन अशी विभागणी सहज होते. परंतु मराठी विभागांतील प्रबंध प्रायः वर्डमध्ये लिहिले जातात आणि तेथे झोटेरो मजकुराशी जोडलेली एकच सलग सूची देते. म्हणून प्रत्येक भागासाठी वेगळा संग्रह करून त्याची सूची स्वतंत्रपणे काढली जाते व प्रबंधाच्या अखेरीस चिकटवली जाते. अशा सूचीचा मजकुरातील उल्लेखांशी असलेला दुवा तुटतो, आणि नंतर एखादा ग्रंथ वाढला वा गळला तर ती हातानेच दुरुस्त करावी लागते.